साल्सूच्या नदीत नेमकं काय झालं?

प्रश्न : इ.स. ६१२ मध्ये साल्सूच्या लढाईत कोरियन सेनापती उल्जी मुंदोक याने धरण फोडून चिनी फौज बुडवली, असं वाचलं. खरं का?
– एक वाचक

उत्तर : धरणाची गोष्ट रंगतदार आहे, पण जुन्या इतिहासग्रंथांत ती नाही. त्यांत एवढंच आहे की चीनच्या स्वी घराण्याची फौज अर्धी नदी उतरली असताना गोगुर्यो या कोरियन राज्याच्या सैन्याने मागून झडप घातली. ही नदी म्हणजे आजच्या उत्तर कोरियातली चोंगचोन.

मला त्याआधीचा भाग जास्त भावतो. गोगुर्योच्या राजधानीवर, प्योंगयांगवर, पाठवलेल्या ३ लाख ५ हजार स्वी शिपायांच्या अंगावर १०० दिवसांचा शिधा, वर चिलखत, शस्त्रं, तंबू! धान्य टाकेल त्याचं मुंडकं उडेल, असा हुकूम. मग गड्यांनी तंबूतच खड्डे खणून धान्य गुपचूप पुरलं. (दोष तरी कसा द्यावा?) निम्म्या वाटेतच शिधा संपत आला. मुंदोक शरण येण्याच्या मिषाने छावणीत जाऊन आला, त्याला उपासमार दिसली. मग तो एका दिवसात सात चकमकी मुद्दाम हरला आणि शत्रूला प्योंगयांगच्या वेशीजवळ ओढत घेऊन गेला. तटबंदी भक्कम, पोटं रिकामी. फौज माघारी वळली आणि वाटेत साल्सू आली.

ल्यावतुंगला (आजच्या ईशान्य चीनमधल्या भागात) परतले २,७००, असं चिनी इतिहासच नोंदवतो. आकडे फुगवलेले असणार, हे धरून चाला. तरीही स्वी सम्राट यांगने ६१३ आणि ६१४ मध्ये पुन्हा स्वारी केली. ६१३ मध्ये तर घरातच बंड पेटल्यामुळे त्याला परतावं लागलं. ६१८ मध्ये तो मारला गेला आणि स्वी घराणं बुडालं.