संग्रहालयाच्या खगोल-रात्री पहिल्यांदा दुर्बीण लावणार असाल तर

जबाबदारी घेतलीत, फार छान! सुरुवातीला एवढंच सांभाळा.

फाइंडर (नळीवरचं नेम धरायचं छोटं साधन) उजेडातच लांबच्या मनोऱ्यावर जुळवून घ्या. रांग लागल्यावर अंधारात ते जमत नाही. ६ इंची डॉब्सोनियन (साध्या फिरत्या बैठकीवरची आरशाची दुर्बीण) पाऊण तास आधी अंगणात ठेवा. आरसा निवलेला नसला की गुरूचे पट्टे नुसते थरथरतात.

नवखे हमखास चुकतात ते आयपीसमध्ये, म्हणजे डोळ्याला लावायच्या भिंगात. आधी २५ मिमीचा लावा. दुर्बिणीच्या १२०० मिमी नाभीय अंतराला (आरशापासून प्रतिमेपर्यंतच्या अंतराला) त्याने ४८ पट मोठं दिसतं, तेवढं भरपूर झालं. १० मिमीने सुरुवात केलीत तर ग्रह सापडेपर्यंत लोक पुढे निघून जातात. पाहुणे नळीलाच धरतात, म्हणून आधाराला स्टूल ठेवा.

महिला वैज्ञानिकांचं काम फलकांवर सोडू नका, दुर्बिणीपाशीच सांगा. वृषपर्वा तारकासमूह वर असेल तर त्यातला डेल्टा सेफी दाखवाच: पिवळसर तारा, शेजारी निळसर सोबती. पिवळसर तारा साधारण ५.४ दिवसांत मंद होऊन पुन्हा उजळतो. अशाच ताऱ्यांवरून खगोलशास्त्रज्ञ हेन्रिएटा लेविट यांनी १९१२ मध्ये दाखवलं, की आवर्तकाळ (मंद होऊन पुन्हा उजळायला लागणारा वेळ) जितका मोठा तितका तारा मुळात जास्त तेजस्वी. देवयानी दीर्घिका आपल्या आकाशगंगेबाहेर आहे, हे खगोलशास्त्रज्ञ एडविन हबल यांना त्याच नियमाने अंतर काढून ठरवता आलं. हे ऐकल्यावर लोक पुन्हा बघायला मागतात. बघू द्या, घाई करू नका.

फोटोग्राफी पुढच्या खेपेला.