आधी वहीत, मग पडद्यावर

अनेक आशीर्वाद.

एफवायबीएस्सीला कॅल्क्युलस शिकवताना जिओजेब्रा, म्हणजे ते आलेख काढायचं सॉफ्टवेअर, वापरू का, असं विचारलंस. जरूर वापर. एच, म्हणजे आलेखावरच्या दोन बिंदूंमधलं आडवं अंतर, स्लायडरने शून्याकडे नेताना त्या बिंदूंतून जाणारी छेदिका वळत वळत स्पर्शिका होते, ते खडूने इतकं स्वच्छ कधीच दाखवता येत नाही. पण आलेख पडद्यावर आणण्याआधी प्रत्येकाला तो वहीत काढू दे. चुकला तरी चालेल. ज्याने अंदाज बांधलाय, तोच पडद्याकडे नीट बघतो.

एक्स-वर्गाचा आलेख एखाद्या बिंदूपाशी मोठा करत गेलं की तो सरळ रेषेसारखा दिसू लागतो. |एक्स|चा शून्यापाशी कितीही मोठा करा, कोपरा तसाच राहतो. अवकलनीयता, म्हणजे त्या बिंदूपाशी आलेखाला ठरावीक उतार असणं, आधी अशी दिसू दे, व्याख्या त्यानंतर फळ्यावर लिही.

आणि यंत्र कुठे फसतं, हे मुद्दाम दाखव. माझ्या मते हाच सगळ्यात मोलाचा तास. (1 − कॉस एक्स) भागिले एक्स-वर्ग याच्या किमती एक्सेलमध्ये काढायला सांग, कोन रेडियनमध्ये. एक्स 0.1 असताना 0.4996 येतं, 0.01 ला 0.499996. सगळे म्हणतील, एक्स शून्याकडे जाताना सीमा अर्धा. मग एक्स 0.00000001 घ्यायला लाव. उत्तर शून्य! वर्ग एकदम जागा होतो. संगणक साधारण 16 अंकच धरतो, त्यामुळे त्याच्या लेखी ती कॉसची किंमत 1 च होते आणि वजाबाकीत काहीच उरत नाही. आता 1 − कॉस एक्सच्या जागी 2 साइन-वर्ग (एक्स/2) लिहायला सांग. तोच संगणक 0.5 देतो, आणि सीमेची सिद्धताही याच वाटेने जाते. सिद्धता कशाला हवी, हे मग वेगळं सांगावं लागत नाही.

लॅपटॉप सगळ्यांकडे नसतो. विरार-कल्याणहून येणाऱ्या मुलांकडे फोन मात्र असतो, आणि जिओजेब्राचं ॲप इंटरनेटशिवायही चालतं. ते आधीच उतरवून घ्यायला सांग, वर्गातल्या वायफायवर विसंबू नकोस. तुला स्वतःला सराव हवा असेल तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात जिओजेब्राचे धडे आहेत, तेही मोफत.

पहिल्या तासाची फाइल तयार झाली की मला पाठव. स्लायडर हलवण्याआधी मुलांना काय विचारणार आहेस, तेही सोबत लिही.