निवृत्तीनंतर एकटीनेच इंदूर सोडून रत्नागिरीला कायमचं राहायला जायचंय, तयारी कशी करू? इथलं घर आधी विकू का?

घर आधी विकू नका ताई. बाकीचं पुढे सांगतेच, पण हे पहिलं, कारण तुम्ही लिहिलंय की गिऱ्हाईक तयार आहे आणि मे महिन्यात व्यवहार उरकून जूनमध्ये इकडे यायचा विचार आहे.

मी आता ६७ वर्षांची आहे. दिल्लीत केंद्र सरकारच्या ऑफिसात नोकरी केली, मिस्टर २०१६ मध्ये गेले, मुलगा कॅनडात, २०१८ ला रिटायर झाले आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये एकटीच रत्नागिरीला आले. माहेर लांजा तालुक्यातलं. गावच्या घरात चुलतभाऊ राहतो, सगळे म्हणत होते की वेगळं घर कशाला, गावालाच रहा. मी नाही ऐकलं आणि रत्नागिरी शहरात नाचणे भागात वन बीएचके भाड्याने घेतला. गावावर प्रेम नाही असं नाही, पण गावात रात्री छातीत दुखलं तर गाडी कोण काढणार या प्रश्नाला कोणाकडेच धड उत्तर नव्हतं. तुम्हीपण जागा बघताना समुद्र किती जवळ ते नंतर बघा, आधी रात्री दोन वाजता दवाखान्यात कसं पोचणार ते बघा आणि त्या वेळी दार कोण उघडणार तेही.

एक वर्ष भाड्याने राहायचं, आणि त्या वर्षात पावसाळा पूर्ण यायला हवा. सगळे डिसेंबरात येऊन जागा बघतात, हवा छान असते, आंब्याला मोहोर आलेला असतो आणि तेव्हाच टोकन देऊन मोकळे होतात. रत्नागिरीला वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, इंदूरच्या साधारण तिप्पट समजा, आणि तो बहुतेक सगळा चार महिन्यांत. माझ्या पहिल्या पावसाळ्यात दिल्लीहून आणलेलं प्लायवूडचं कपाट फुगलं, दारं लागेनात, पुस्तकांना बुरशी, रेशमी साड्यांवर पांढरे ठिपके, लोखंडी कपाटाला दोन वर्षांत गंज. वडिलांची सागवानी पेटी तेवढी जशीच्या तशी आहे. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं, ते श्रीवर्धनकडे धडकलं पण आमच्याकडेही झाडं पडली आणि दोन दिवस लाइट नाही, फोनला रेंज नाही, मुलगा तिकडे घाबरून गेलेला. हे सगळं सोसूनही मला इथेच राहावंसं वाटलं म्हणून मग घर घेतलं. पहिल्याच डिसेंबरात घेतलं असतं तर तळमजल्याचा फ्लॅट घेतला असता, तो मनात भरलाही होता, आणि त्याच्या भिंतींना दर पावसाळ्यात ओल येते हे मला नंतर कळलं.

आता दवाखान्याचं जरा सविस्तर सांगते. जुलै २०२१ ला मी बाथरूममध्ये पडले, उजवं मनगट मोडलं. खालच्या मजल्यावरच्या वहिनींकडे माझी एक किल्ली असते, मी फरशीवरूनच त्यांना हाका मारल्या आणि त्या आत आल्या. इथे डॉक्टरांनी कच्चं प्लास्टर घातलं पण ऑपरेशन कोल्हापूरला करा म्हणाले, आणि नेमका तोच चिपळूणच्या पुराचा आठवडा. रेल्वे बंद, कोल्हापूरच्या वाटेवर आंबा घाटात दरडी कोसळलेल्या, पलीकडे कोल्हापुरात पंचगंगेला पूर. पाच दिवस मी तशीच बसून होते, वहिनी जेवण आणून द्यायच्या, त्यांची मुलगी केस विंचरून द्यायची. तेव्हापासून जो विचारेल त्याला मी सांगते, कोकणात मोठ्या उपचारासाठी घाट चढावा लागतो नाहीतर मुंबई गाठावी लागते, आणि पावसात या दोन्ही वाटा एकदम बंद होऊ शकतात. तुम्हाला हार्टचा किंवा किडनीचा त्रास असेल तर येण्याआधी तुमच्या डॉक्टरांशी फक्त याच एका मुद्द्यावर बोला. तुमचा जो आजार असेल त्याचा इथला डॉक्टर आधीच गाठून ठेवा, सगळी जुनी फाइल घेऊन एकदा साधंच दाखवून या, म्हणजे अडचणीच्या दिवशी तुम्ही त्यांना अगदीच अनोळखी नसता.

तुमची पेन्शन कुठली ते लिहिलं नाहीये. केंद्र सरकारची असेल तर ऐका, मी आले तेव्हा रत्नागिरीत सीजीएचएसचं (केंद्र सरकारी कर्मचारी आणि पेन्शनरांची आरोग्य योजना) सेंटर नव्हतं, म्हणून मी बाहेरच्या उपचारासाठी महिना १,००० रुपयांचा मेडिकल अलाउन्स घेतला आणि अ‍ॅडमिट व्हायची वेळ आली तर असावं म्हणून सीजीएचएसचं कार्ड चालू ठेवलं, असं दोन्ही करता येतं पण अर्ज आधी करावा लागतो. प्रायव्हेट मेडिक्लेम असेल तर कंपनीकडून रत्नागिरी आणि कोल्हापूर दोन्हीकडच्या कॅशलेस हॉस्पिटलांची यादी लेखी मागा. हयातीच्या दाखल्याची काळजी नको, आता मोबाइलवर चेहरा दाखवून होतो, मी दर नोव्हेंबरात घरूनच करते. बँक तीच ठेवली, नुसती ब्रँच बदलून घेतली, त्यामुळे पेन्शन एकही महिना अडकली नाही.

कागदपत्रांची सगळी साखळी भाडेकरारापासून सुरू होते. माझे घरमालक म्हणत होते साध्या स्टॅम्पपेपरवर करू, रजिस्टर कशाला, मी हटून बसले. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्सचा करार रजिस्टर करणं बंधनकारकच आहे आणि ती जबाबदारी मालकाची असते, आता ऑनलाइन होतो, एजंट मशीन घेऊन घरी येऊन अंगठे घेऊन जातो. त्या रजिस्टर कराराच्या जोरावर आधारवरचा पत्ता बदलला, आणि आधार बदललं की बँक, मतदार यादी (फॉर्म ८ भरायचा) वगैरे एकेक होत जातं. गॅस मात्र इंदूर सोडायच्या आधी, सिलिंडर आणि रेग्युलेटर जमा करून टर्मिनेशन व्हाऊचर घ्या, डिपॉझिट परत मिळतं आणि ते व्हाऊचर दाखवून इथे नवीन कनेक्शन घेता येतं. गाडी आणणार असाल तर मध्य प्रदेशच्या आरटीओची एनओसी लागेल आणि इथे पुन्हा रोड टॅक्स भरावा लागेल, गाडी जुनी असेल तर तिथेच विकून टाका.

सामानाचं एवढंच सांगते की कमी आणा. मी ३४ खोके आणले आणि त्यातले निम्मे आणायलाच नको होते, दिल्लीच्या रजयांचं इथे काय काम. ज्यांना सामान दिलं त्यांनी इथे ट्रक उभा करून ठरल्यापेक्षा ११,००० रुपये जास्त मागितले, बिल्डिंगखाली मी एकटी, संध्याकाळची वेळ, शेवटी दिले. म्हणून तुम्ही रक्कम लेखी घ्या, बिल्टी (ट्रकवाल्याची मालाची पावती) आणि इन्शुरन्सचा कागद हातात आल्याशिवाय सामान हलवू देऊ नका, थोडे पैसे पोचल्यावर द्यायचे ठेवा आणि उतरवून घेताना इथलं कोणीतरी सोबत हवंच. दागिने, घराचे कागद, औषधं हे सगळं मी स्वतःबरोबर मंगला एक्सप्रेसने आणलं.

घराच्या पैशाचं असं, मी जानेवारी २०२२ मध्ये इथे दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट असलेला फ्लॅट ग्रॅच्युइटी आणि एफडीच्या पैशातून घेतला आणि मग त्याच वर्षी दिल्लीचा विकला. विक्रीच्या आधी एक वर्षापर्यंत किंवा नंतर दोन वर्षांच्या आत दुसरं राहतं घर घेतलं तर कॅपिटल गेनची, म्हणजे घर विकून झालेल्या नफ्यावरच्या इन्कम टॅक्सची सवलत मिळते, त्यामुळे घाई करायची गरजच नाही, पण तुमचा हिशोब तुमच्या सीएकडून करून घ्या. तोपर्यंत दिल्लीचं घर भाड्याने होतं आणि त्या भाड्यात इथलं भाडं निघून वर पैसे उरायचे. शिवाय परत जायला जागा आहे ही मनाला केवढी मोठी उभारी असते ते तुम्हाला पहिल्या जुलैत कळेल.

शेवटी तुम्ही विचारलंय, एकटं वाटत नाही का. वाटतं. पहिले सहा महिने संध्याकाळी सात ते नऊ फार वाईट जायचे, आणि त्यातच लॉकडाउन लागला. तेव्हा मेडिकलवाला मुलगा गोळ्या दारात ठेवून जायचा आणि खालून ओरडून विचारायचा, मावशी बऱ्या आहात ना. नंतर नगर वाचनालयाची मेंबर झाले, १८२८ सालचं आहे ते, तिथे पुस्तक बदलायला येणाऱ्या चौघीजणी मिळाल्या. त्यातली एक माझ्यासारखीच एकटी, बडोद्याहून आलेली. आम्ही दोघी रोज सकाळी आठच्या आत एकमेकींना मेसेज करतो, ज्या दिवशी येत नाही त्या दिवशी दुसरी फोन करते, फोनही उचलला नाही तर सरळ घरी जाते. दोघींकडे एकमेकींच्या किल्ल्या आहेत.

जुलैमध्ये पंधरा दिवस नुसत्या येऊन रहा, सामान न आणता. तोपर्यंत त्या गिऱ्हाइकाला थांबायला सांगा, नाही थांबला तर जाऊ दे.