मी सगळ्यांत मागे पडते, ग्रुपबरोबर जाऊ का?

प्रश्न : मी सत्तेचाळीस वर्षांची आहे. तीन वर्षांपासून डोंगर चढते. दोन महिन्यांनी आमचा अकरा जणांचा ग्रुप साडेपाच हजार मीटरच्या शिखरावर जाणार आहे. सगळ्यांत हळू मीच. मागच्या वेळी प्रत्येक थांब्यावर मी पोहोचायचे तेव्हा बाकीचे सॅक चढवून निघायच्या तयारीत असायचे. चार हजार मीटरवरच्या कॅम्पमध्ये डोकं भयंकर दुखत होतं, पण आधीच माझ्यामुळे सगळ्यांचा खोळंबा, त्यात आणखी हे कुठे सांगायचं म्हणून गोळी घेऊन गप्प पडून राहिले. या वेळी व्यायाम वाढवू की सरळ नाव मागे घेऊ?

उत्तर : हळू चालता याची मला काहीच काळजी वाटत नाही. गोळी घेऊन गप्प राहिलात, याची वाटते.

आधी चालण्याचं बघू. तुम्ही टेकणार तेवढ्यात बाकीचे उठणार, म्हणजे जे ताजेतवाने त्यांना पंधरा मिनिटं विश्रांती आणि जिला गरज तिला दोनसुद्धा नाही. दिवसभर असंच चाललं तर कोणीही मागेच पडेल. यात दोष तुमच्या पायांचा नाही, लीडरचा आहे. त्यांना आजच फोन करा आणि सांगा, ‘मी रांगेत दुसरी चालणार, तुमच्या लगेच मागे.’ वेग तुमच्या श्वासावर ठरू द्या : चालता चालता एक अख्खं वाक्य न तुटता बोलता आलं पाहिजे. पळणाऱ्या गड्यांना शेवटी ठेवावं. थोडे कुरकुरतील, कुरकुरू देत. चार हजारच्या वर याच चालीचा त्यांनाही फायदा होतो.

कारण वर हवेतला ऑक्सिजन २१ टक्केच असतो, पण दाब घसरतो. ५,५०० मीटरवर तो समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा होतो. शरीराला याची सवय व्हायला दिवस लागतात आणि रोज दहा किलोमीटर पळून ते दिवस कमी होत नाहीत. व्यायाम जरूर वाढवा, दमछाक कमी होईल. उंचीच्या त्रासापासून मात्र तो वाचवत नाही. पहिल्याच दिवशी सगळ्यांच्या पुढे धावलेला पंचविशीतला मुलगा तिसऱ्या रात्री तंबूबाहेर ओकताना मी पाहिला आहे.

आता डोकेदुखी. मीही एकदा ती लपवली होती, ४,३०० मीटरवर. तेव्हा मी ग्रुपची उपलीडर होते, म्हणजे तुमच्यापेक्षा जास्त मूर्खपणा. रात्री कोणीतरी विचारलं तेव्हा म्हणाले, ‘मस्त आहे मी.’ सकाळी बुटाची नाडी बांधायला बसले आणि बसूनच राहिले. दोन्ही टोकं हातात होती, पुढे काय करायचं ते आठवेना. तंबूतल्या मैत्रिणीनं काही न बोलता मला बाहेर काढलं आणि टाचेला बोटं लावत सरळ रेषेत चालायला लावलं. तिसऱ्या पावलाला मी कलंडले. मेंदूला सूज येऊ लागल्याची ती खूण. दोघांनी धरून मला तासाभरात खाली काढलं. त्या दोघांचं शिखर त्या वर्षी हुकलं. त्याचा राग त्यांनी कधी धरला नाही. ‘मस्त आहे मी’चा मात्र अजून धरतात.

म्हणून, उंचीवर डोकं दुखलं तर दुसरं कारण सापडेपर्यंत तो उंचीचाच त्रास समजायचा. गोळी घ्यायला हरकत नाही, पण घेतल्याचं लीडरला कळलं पाहिजे आणि त्रास पूर्ण जाईपर्यंत आणखी वर जायचं नाही. वाढत गेला, बसल्याजागी धाप लागली किंवा पावलं वाकडी पडू लागली, तर ताबडतोब खाली, मध्यरात्र असली तरी. उंचीचा त्रास टाळायला ॲसिटाझोलामाइड नावाचं औषध आधीपासून घेता येतं. ते तुम्हाला चालेल का हे डॉक्टरांना विचारा, सल्फाची ॲलर्जी असेल तर तेही सांगा.

कार्यक्रमाचा कागदही मागून घ्या. ३,००० मीटरच्या वर मुक्कामाची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढता कामा नये आणि दर तीन-चार दिवसांनी त्याच उंचीवर आणखी एक रात्र हवी. दिवसा वर जाऊन खाली झोपायला आलात तर उत्तमच. अकरा जणांच्या सुट्ट्या वाचवायला हे दिवस कापले असतील, तर मात्र नाव मागे घ्या.

माथा गाठला नसला तरी परत फिरायची वेळही आधीच ठरवून घ्या आणि ती सगळ्यांना माहीत असू दे. माथा गाठला म्हणजे संपलं असं नाही, उतरायचं असतंच. आल्प्समधल्या मॅटरहॉर्न शिखरावर १८६५ साली पहिल्यांदा चढाई झाली, सातही जण माथ्यावर पोहोचले. उतरताना सगळ्यांत कमी अनुभवी माणसाचा पाय घसरला, दोर तुटला आणि चौघे गेले. तुमचे गुडघे उतरणीसाठी राखून ठेवा.

बाकी, जा. लीडरनं रांगेतल्या दुसऱ्या जागेला नकार दिला तर दुसरा ग्रुप शोधा. होकार दिला तर एक गोष्ट त्यांच्याकडून आधीच कबूल करून घ्या : थांब्याची पंधरा मिनिटं शेवटचा माणूस टेकल्यावर मोजायला लागायची.