वाचकांचे प्रश्न : राणीछाप, राजाछाप आणि नाण्यावर न आलेला राजा

प्रश्न : आजीच्या पेटीत काही जुने रुपये निघाले. काहींवर मुकुटवाली राणी, काहींवर दाढीवाला, टक्कल पडलेला राजा, आणि एकावर राम दरबार व 1818 साल. यांतले खरे कोणते? घासून चकचकीत करावेत का?
– एक वाचक, पंचवटी

उत्तर : राम दरबाराचा आधी बाजूला काढा. 1818 साली इंग्लंडच्या गादीवर तिसरा जॉर्ज होता, पण मुद्दा तो नाही. ईस्ट इंडिया कंपनीने राम दरबाराचा रुपया कधी पाडलाच नाही. हे टोकन आहे, म्हणजे चलनातले नाणे नव्हेच. देवघरात खुशाल ठेवा, पण असलेच दुसरे कोणी हजारो रुपयांना देऊ केले तर हात जोडून नको म्हणा.

बाकीचे सराफाच्या काट्यावर टाका. 1835 पासून कंपनीचा, आणि पुढे सरकारचा, चांदीचा रुपया बरोबर एक तोळ्याचा, म्हणजे 11.66 ग्रॅमचा होता. वापरून झिजलेला किंचित कमी भरतो. एक ग्रॅमची तूट मात्र झिजेची नव्हे. नाणे बनावट असेल किंवा कडेने घासून चांदी काढलेली असेल. मग लोहचुंबक लावा. चांदी चिकटत नाही. चिकटला तर साल बघा : 1947 चा, मागे वाघ असलेला रुपया निकेलचा आहे आणि तो चिकटतोच. लोक तो बनावट समजून फेकतात. फेकू नका.

आता चेहरा आणि साल यांची सांगड घाला. बहुतेक बनावट नाणी इथेच उघडी पडतात. चौथ्या विल्यमच्या रुपयावर 1835 हे साल असते. व्हिक्टोरियाच्या रुपयावर 1840, त्यानंतर एकदम 1862, आणि पुढे 1874 ते 1901. म्हणून 1850 सालचा राणीछाप रुपया कोणी दाखवला तर तो घेऊच नका. 1862 ची नाणी इतकी का सापडतात? साल तेच ठेवून पुढची कित्येक वर्षे ती पाडली गेली म्हणून. राणीच्या नावापुढे आधी ‘क्वीन’ आणि 1877 पासून ‘एम्प्रेस’ असते, कारण 1 जानेवारी 1877 ला दिल्लीत तिला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर केले.

आपला टक्कलवाला दाढीवाला म्हणजे सातवा एडवर्ड (1903 ते 1910). त्याच्या रुपयावर डोक्याला मुकुट नाही. पाचव्या जॉर्जचे रुपये 1911 ते 1922 पर्यंतच आहेत. त्याचा 1930 चा रुपया दिसला की संशय घ्या. यातला 1911 चा सापडला तर भिंगाखाली छातीवरचा हार पाहा. त्यात कोरलेला छोटा हत्ती लोकांना डुक्कर वाटला, मोठी ओरड झाली आणि 1912 मध्ये हत्तीची सोंड नीट दिसेल असा साचा करावा लागला. संग्राहक या नाण्याला चांगली किंमत देतात.

मोडीत घालायचेच असेल तर चांदी किती ते आधी माहीत हवे. जुन्या रुपयात बारा भागांत अकरा भाग चांदी, म्हणजे सुमारे 10.7 ग्रॅम. 1940 पासून सहाव्या जॉर्जच्या रुपयात ती निम्म्यावर आली, जेमतेम 5.8 ग्रॅम. दोन्ही एकाच भावाने द्यायचे-घ्यायचे नसतात.

आणि घासू तर अजिबात नका. चिंच, राख, टूथपेस्ट यांनी वरचा काळसर थर जातोच, शिवाय केसांच्या रेषा आणि अक्षरांच्या कडाही जातात, आणि संग्राहक पैसे देतो ते त्या कडांसाठी. माळेत ओवायला कडी डाखलेला रुपयाही चांदीच्याच भावात जातो. कोमट पाण्यात बुडवा, मऊ फडक्याने टिपा, एवढेच. खरी नाणी शेजारी शेजारी पाहायची असतील तर त्र्यंबक रस्त्यावर अंजनेरीला नाणेशास्त्र संशोधन संस्थेचे संग्रहालय आहे. नाशिककर सहसा तिथून पुढे निघून जातात, ही खंत.

प्रश्न : सातवा एडवर्ड म्हणजे आधीचे सहा कोण?
– एक विद्यार्थी, सिडको

उत्तर : पहिला 1272 मध्ये गादीवर आला, सहावा पंधराव्या वर्षी 1553 मध्ये वारला. त्याआधीही सॅक्सन काळात एडवर्ड नावाचे राजे झाले, पण मोजणी 1066 च्या नॉर्मन विजयानंतरची. त्यामुळे ते धरत नाहीत.

प्रश्न : आजोबा नाशिकरोडच्या प्रेसमध्ये होते. पाचव्या जॉर्जच्या नोटांनंतर एकदम सहाव्या जॉर्जच्या छापल्या, असे सांगत. मधला आठवा एडवर्ड कुठे गेला?
– एक वाचक, नाशिकरोड

उत्तर : आजोबा बरोबर सांगत. नाशिकरोडला नोटांची छपाई 1928 मध्ये सुरू झाली, तेव्हा राजा पाचवा जॉर्ज. तो 20 जानेवारी 1936 ला वारला. एडवर्ड गादीवर आला आणि घटस्फोटित बाईशी लग्न करण्यावरून पेच होऊन 11 डिसेंबरला पायउतार झाला. एक वर्षही पुरे नाही. त्याच्या चेहऱ्याचे हिंदुस्थानात ना नाणे निघाले, ना नोट, ना टपाल तिकीट. 1936 च्या नाण्यांवर बापाचाच चेहरा आहे. राज्याभिषेकाची तारीख, 12 मे 1937, आधीच ठरली होती. त्याच दिवशी धाकट्या भावाला मुकुट चढला. रिझर्व्ह बँकेची पहिली पाच रुपयांची नोट जानेवारी 1938 मध्ये आली ती या सहाव्या जॉर्जच्या चित्राची.

घरात नाणी असतील तर एक गंमत पडताळून पाहा. दर राजाने आधीच्याच्या उलट दिशेला तोंड करायचे, असा रिवाज : विल्यम उजवीकडे, व्हिक्टोरिया डावीकडे, सातवा एडवर्ड उजवीकडे, पाचवा जॉर्ज डावीकडे. सहावा जॉर्जही डावीकडेच पाहतो, कारण मधल्या एडवर्डची उजवीकडची पाळी धरलेली आहे. खुद्द एडवर्डला मात्र डावीच बाजू हवी होती, तो भांगाच्या बाजूसाठी अडून बसला होता!

प्रश्न : राणी एलिझाबेथचा भारतीय रुपया असतो का?
– एक वाचक, गंगापूर रोड

उत्तर : नाही. 26 जानेवारी 1950 ला आपण प्रजासत्ताक झालो आणि ती गादीवर आली 6 फेब्रुवारी 1952 ला. तिचा चेहरा असलेला ‘रुपया’ कोणी दाखवला तर मागची बाजू वाचा. बहुतेक वेळा तिथे मॉरिशस किंवा सेशेल्स लिहिलेले सापडेल.