दुकानातली जुनी वाईन घेण्याआधी
भाऊ, वाईन जुनी म्हणजे चांगलीच, हे आधी डोक्यातून काढा. बाजारातल्या बहुतेक वाईन दोन-तीन वर्षांत पिऊन टाकायच्या असतात. त्यात आपल्या अकोला-यवतमाळकडे मे महिन्यात पारा 45 वर जातो आणि वाईनला लागते 12 ते 14 अंशांची थंड, अंधारी जागा. म्हणून लेबलवरच्या वर्षाआधी दुकान पाहा. टिनाखाली तापलेल्या किंवा उन्हाच्या शोकेसमधल्या बाटलीला हात लावू नका.

बाकीच्या बाटल्यांच्या तोंडावरच्या पन्नीवरून अंगठा फिरवा. बूच काचेच्या वर आलंय का? उष्णतेने वाईन फुगते, बुचाला ढकलते. थंड झाली की फटीतून हवा आत ओढते आणि तिथेच ती बिघडते. मानेवर चिकट ओघळ असेल किंवा वाईन खांद्यापर्यंत उतरली असेल, तरी नको. व्हाइट वाईन उजेडात कोऱ्या चहासारखी तपकिरी दिसली, तर गेली समजा. जुन्या रेड वाईनच्या तळाचा गाळ मात्र चालतो. नवखे नेमके त्यालाच घाबरतात.

हवेने खराब झालेली वाईन आंबट लागते, विषारी होत नाही. खरा धोका सील फुटलेल्या, बिनलेबलच्या बाटलीत. ती फुकटही नको. सुरुवातीला एकच घ्या, पक्क्या बिलावर. आणि वर्धा-गडचिरोलीत दारूबंदी आहे, तिकडे सोबत नेऊ नका.