शेजारी दिसतो, पण फाइल पोचत नाही? इतक्यात कोडला हात लावू नका

तुमचा प्रश्न वाचून हसूच आलं, राग मानू नका. राउटरशिवाय वायफायने एकमेकांना जोडलेले तीन लॅपटॉप, त्यांच्यात रस्ता शोधणारा एओडीव्ही प्रोटोकॉल, टोकाचा लॅपटॉप घेऊन लांब चालत गेलं की रस्त्यांच्या टेबलात तो थेट 'एक हॉप' (एकाच उडीवरचा शेजारी) दिसतो, मधला वगळला जातो आणि फाइल तिथेच अडकते. शेवटच्या वर्षी कॉलेजच्या मैदानावर आमचं अगदी हेच झालं होतं.

आम्ही दोन महिने सिक्वेन्स नंबर (रस्ता किती ताजा ते सांगणारा आकडा) तपासत बसलो. त्यात घोडचूक अशी, की दोन हॅलो ('मी इथे आहे' सांगणारे छोटे संदेश) चुकले की शेजारी गेला असं धरतात, ते दोनाचे पाच केले. हॅलो सेकंदाला एक. म्हणजे मेलेला रस्ता आणखी तीन सेकंद जपून ठेवला! गाइड म्हणाले, "सिम्युलेशनमध्ये चालतंय ना, तेवढंच लिहा." चालणारच. एनएस-२ या सिम्युलेटरमध्ये रेडिओचा पल्ला म्हणजे २५० मीटरचं आखीव वर्तुळ, हॅलो असो की फाइल.

खऱ्या वायफायवर हॅलो म्हणजे चिमुकला ब्रॉडकास्ट, एकदम सगळ्यांना मारलेली हाक. तो १-२ एमबीपीएसने जातो, म्हणून लांबवर ऐकू येतो, आणि त्याला पोचपावती नसते. डेटा मोठा, वेगाने जाणारा, त्यामुळे आधीच दमतो. या दोन पल्ल्यांच्या मधल्या पट्ट्यात शेजाऱ्याची हाक ऐकू येते, पण त्याच्या हातात काही देता येत नाही. उप्सालाच्या संशोधकांनी २००२ मध्येच याला 'ग्रे झोन' म्हटलंय. त्यात एओडीव्ही कमी हॉप बघतो, म्हणजे हटकून असलीच लांबची लिंक उचलतो.

माझ्या मते आधी ब्रॉडकास्ट आणि डेटाचा दर एकच करा. (वायफाय कार्डांचे काही ड्रायव्हर सांगितलेलं ऐकत नाहीत, खात्री करून घ्या.) मग ओळीने तीन हॅलो आले आणि आपला हॅलोही त्याला पोचतोय हे कळलं, तरच शेजारी माना. बॅटमॅन किंवा बेबल हे दुसरे प्रोटोकॉल लिंकचा दर्जा मोजतात हे खरं, पण तेही बहुतेक ब्रॉडकास्टवरच बेतलेले, त्यामुळे दराचं काम टळत नाही. नवी कार्डं दर आपोआप उतरवतात, तिथे चित्र थोडं वेगळं दिसेल.

फोनवर करायचा विचार असेल तर सोडा. साध्या अँड्रॉइडमध्ये ॲड-हॉक मोडच (राउटरशिवाय थेट जोडणीची सोय) नाही, आमचा एक आठवडा त्यात गेला. आणि मैदानावर दर पाच मीटरला चुन्याची खूण करा. "त्या झाडापाशी तुटलं" हे रिपोर्टात लिहिता येत नाही.